चायनीज नको, मग कोणता?

प्रश्न : वय ६८, पेन्शनवर आहे. पंधरा-अठरा हजारांत फोन घ्यायचाय. मुलगा म्हणतो, चिनी ब्रँड घ्या, पैशाच्या मानाने भरपूर मिळतं. मेहुणे म्हणतात, चिनी माल टिकत नाही, आणि गलवाननंतर घ्यायचाच कशाला? त्यांनी स्वतः ‘अमेरिकन’ मोटोरोला घेतला. आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मात्र कोरियनशिवाय दुसरं नाव नाही. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी मेहुण्यांचं उरकतो. मोटोरोलाचा फोनचा धंदा २०१४पासून लेनोव्होकडे आहे, आणि लेनोव्होचा जन्म बीजिंगचा. हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही बघा. फोन नीट चालत असेल तर दिवाळीचा फराळ झाल्यावर सांगा.

आता ‘चिनी माल टिकत नाही’ हे कुठून आलं ते सांगतो, कारण हे सदर लिहायला लागण्याआधी मी पुण्याच्या तापकीर गल्लीत फोन दुरुस्तीच्या टेबलावर बसायचो. तेव्हा ‘चायना मोबाइल’ यायचे. दोन सिम, ओढून काढायची टीव्हीची अँटेना, आणि स्पीकर असे की रिंग वाजली की समोरचा दुकानदार ओरडायचा. मागचं झाकण काढलं की बॅटरीवर भलामोठा आकडा छापलेला, हातात घ्यावी तर वजनच नाही. *#०६# दाबलं की आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असायला हवा तो ओळख क्रमांक, एकतर शून्यं शून्यं, नाहीतर शेजारच्या गिऱ्हाइकाच्या फोनचाच. २००९च्या नोव्हेंबरअखेर सरकारने वैध आयएमईआय नसलेल्या हँडसेटची सेवा बंद करायला लावली, तेव्हा आमच्याकडे ही गर्दी. त्या बेनामी डब्यांनी जे नाव घालवलं, त्याचे हप्ते २०१४ साली इथे आलेली शाओमी आणि तिच्यासारख्या कंपन्या अजून फेडतायत. दोघांत समान काय, तर देश.

गंमत म्हणजे तीच गिऱ्हाइकं पुढे मायक्रोमॅक्स कॅनव्हास मोठ्या अभिमानाने ‘आपला’ म्हणून दाखवायची. कंपनी आपलीच होती, पण सुरुवातीचे बरेचसे फोन बनून यायचे चीनमधूनच.

बरं, दुसऱ्या देशांचं तरी निष्कलंक आहे का? नोकिया म्हणजे फिनलंड, म्हणजे दगडासारखा फोन. त्या नोकियाला २००७ साली बीएल-५सी प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल इशारा द्यावा लागला. चार्जिंगला लावल्यावर तापायच्या. बनवणारी कंपनी जपानची, मात्सुशिता. कोरियन सॅमसंगचा नोट ७ हा फोन २०१६ साली पेटायला लागला. पहिल्या खेपेच्या सदोष बॅटऱ्या सॅमसंगच्याच भावकीतल्या कंपनीच्या होत्या. बदलून दिल्या त्या एटीएलच्या, म्हणजे मालक जपानी आणि कारखाना चीनमध्ये. त्याही पेटल्या, आणि मॉडेलच गुंडाळावं लागलं. कट्ट्यावर विचारा, दोष कोणत्या देशाला द्यायचा?

आणि ज्याचा सगळे आदर करतात तो आयफोन २०१७पासून भारतातही जोडला जातो. सुरुवात बंगळुरूत झाली, ती तैवानच्या विस्ट्रॉनकडे. देश मोजायला बसलात तर एका फोनमध्ये चार-पाच सहज निघतील.

गलवानचं मात्र वेगळं आहे. सीमेवर जे झालं त्यामुळे चिनी कंपनीला पैसे द्यायचे नाहीत, असं कोणी म्हणत असेल तर माझा काडीचा वाद नाही. मग ते तसंच म्हणा. त्याच्यावर ‘टिकत नाही’चं कव्हर घालू नका, कारण टिकण्याचा हिशेब दुरुस्तीच्या टेबलावर होतो आणि तिथे निकाल वेगळा लागतो.

तुमच्या बजेटात मी काय बघेन? एक, तुम्ही घेणार त्याच मॉडेलचं फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, ओरिजिनल मिळतं का आणि केवढ्याला. हे खरेदीच्या आधी सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. फोनच्या निम्मी किंमत सांगितली तर ते मॉडेल सोडा. दुसरं, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार. तुमच्या फोनवर बँक आणि यूपीआय असणार, म्हणून हे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचं. इथे कट्ट्याचं म्हणणं थोडंफार खरं ठरतं: सॅमसंगने २०२४च्या गॅलॅक्सी ए१६ ५जी या स्वस्तातल्या फोनलाही ६ वर्षांचं आश्वासन दिलं. पण त्याच किमतीच्या प्रत्येक चिनी फोनला दोनच वर्षं मिळतात असंही नाही, मॉडेलनुसार बदलतं. दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कंपनीच्या साइटवर बघा. सर्व्हिस सेंटर घरापासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ असेल तर उत्तम. नळ स्टॉपच्या सिग्नलला तासभर अडकून पुन्हा ‘पार्ट आला नाही’ ऐकायचं, हे ६८व्या वर्षी नको.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, चिनी फोनचं रेडिएशन जास्त असतं, उशाशी ठेवू नकोस. खरं का?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : भारतात १ सप्टेंबर २०१२पासून सगळ्यांना एकच मर्यादा आहे, शरीरात शिरणाऱ्या रेडिएशनची, किलोमागे १.६ वॅट, मग फोन कुठल्याही देशाचा असो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#०७# दाबलं की त्या मॉडेलचा आकडा दिसतो. सासूबाईंचा फोन कोरियन असेल तर त्या फोनवरही हेच दाबून बघा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. उशाशी ठेवू नये हे मात्र त्यांचं बरोबर आहे: चार्जिंगला लावून उशीखाली सरकवलेला कुठलाही फोन तापतो.