वडिलांशी बोलायला गेलं की भांडणच का होतं?

“मी चुकीचं काही बोलत नाही, तरी दोन वाक्यांत भांडण पेटतं.” समुपदेशनाला येणाऱ्या कितीतरी जणांची ही तक्रार असते. कुणाची जोडीदाराबद्दल, कुणाची आईबद्दल. तिशीतल्या एका तरुणाची ती वडिलांबद्दल होती. ऑफिसात मोठी टीम सांभाळणारा हा माणूस बाबांसमोर मात्र दारं आपटायचा आणि मग रात्रभर स्वतःला दोष देत बसायचा.

शेवटचं भांडण शब्दशः लिहून आणायला मी सांगितलं. असं लिखाण ऐकताना माझं लक्ष विषयापेक्षा सुराकडे जास्त असतं. त्याने वाचून दाखवलं:

“बाबा, रिपोर्ट कधी मिळणार आहेत?”
“आज आठवण झाली का तुला?”
“तुमच्याशी बोलण्यात अर्थच नाही!”

तिसरं वाक्य वाचताना त्याचा आवाज चिरकला, खांदे वर गेले. रुसलेला शाळकरी मुलगाच समोर बसला होता.

एरिक बर्न या मनोविकारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनॅलिसिस, म्हणजेच व्यवहार विश्लेषण मांडलं. त्यानुसार प्रत्येकात तीन अवस्था असतात: मोठ्यांकडून उचललेला ‘पालक’, समोरची परिस्थिती पाहून विचार करणारा ‘प्रौढ’ आणि लहानपणीच्या भावना जपणारा ‘बालक’. वय कितीही असो, तिन्ही असतातच. इथे पहिला प्रश्न प्रौढाने प्रौढाला विचारला होता. उत्तर आलं पालकाकडून, तेही बालकाला उद्देशून. संवादाला तिथेच छेद गेला, रिपोर्ट राहिले बाजूला, आणि त्याच्यातला बालक चवताळून उठला.

हे ऐकून तो खूश झाला. “म्हणजे आता बाबांना सांगतो, तुमच्यातला पालक बोलतोय!” मी त्याला लगेच थांबवलं. असं लेबल चिकटवणं हेसुद्धा टीकाखोर पालकाचंच बोलणं. घरोघरी या सिद्धांताची माती होते ती इथेच. हा सिद्धांत आधी स्वतःला लावून पाहायचा असतो.

मग आम्ही तोच प्रसंग पुन्हा पुन्हा बोलून पाहिला. टोमणा आला की आधी खांदे सैल सोडायचे, मग म्हणायचं, “हो, विचारायला उशीर झाला. रिपोर्ट कधी मिळतील?” त्याला ही शरणागती वाटली. मला वाटत नाही. खरं ते मान्य करून तो मुद्द्यावर परततोय, गयावया करत नाहीये. शिवाय प्रौढ म्हणजे कोरडेपणा नव्हे. बालकाचा खट्याळपणा आणि पालकाची माया नात्यात हवीच. मारहाण किंवा धमक्या असतील तिथे मात्र शांत राहण्याचं ओझं सोसणाऱ्यावर टाकू नये. तिथे सुरक्षितता आधी.

पुढच्या वेळी बाबांनी टोमणा मारलाच. त्याने ठरलेलं उत्तर दिलं. बाबा म्हणाले, “गुरुवारी. डॉक्टर काय सांगतील कोण जाणे.” टोमण्यामागची भीती त्याला पहिल्यांदाच ऐकू आली. पैशांवरून मात्र दोघांचे अजून खटके उडतात. सध्या आमचं काम त्यावर चाललं आहे.