अतिभुकेला वैद्यकीय भाषेत काय म्हणतात आणि तो शब्द कसा वापरतात?

शब्द ‘पॉलिफेजिया’. ग्रीकमध्ये ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ आणि ‘फागेइन’ म्हणजे खाणे. ‘हायपरफेजिया’ हाही जवळपास त्याच अर्थाचा शब्द आहे. मात्र प्राडर-विलीसारख्या जन्मजात विकारात किंवा मेंदूतील हायपोथॅलॅमसला इजा झाल्यावर खाण्यावरचा ताबाच सुटतो, तिथे बहुधा हा दुसरा शब्द योजतात. मराठीत अतिक्षुधा, आयुर्वेदात भस्मक किंवा अत्यग्नी, आणि बोलीत त्याचाच झालेला ‘भस्म्या’. आपल्या प्रश्नाचे उत्तर खरे तर इथेच संपते. परंतु हा शेवटचा शब्द आमच्या घरात एका मुलाला उद्देशून दोन महिने वापरला गेला होता, त्यामुळे मला इथे थांबता येत नाही.

१९९८ सालच्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ बारा वर्षांचा होता. चार भाकऱ्या खाऊनही तो दुरडीकडे पाहत बसायचा आणि रात्री झाकून ठेवलेल्या भाकऱ्या सकाळी जागेवर नसायच्या. थोरल्या काकांनी ‘घरात बकासुर जन्मला’ असे आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली आणि फडताळाला कुलूप घातले. भस्म्यावर जड आणि स्निग्ध खावे, ही आजीची माहिती ग्रंथांना धरूनच होती, म्हणून ती त्याला म्हशीच्या दुधात तूप घालून द्यायची. कोणी जंताची गोळी सुचवली, तीही दिली. दृष्ट तर दर शनिवारी काढली जात होती.

या सगळ्या काळात त्याच्या कमरेचा करदोटा सैल होत होता. आषाढात बोट शिरत नव्हते, तिथे गणपती येईपर्यंत तो मांडीवर घसरू लागला. आजीने तो दोनदा सोडून पुन्हा घट्ट बांधला. दुसऱ्यांदा मीच दिवा धरून उभा होतो, आणि एवढे खाणाऱ्या मुलाचा करदोटा सैल का होतो, हा प्रश्न ना तिला पडला, ना अकरावीला शास्त्र शाखेत शिकणाऱ्या मला.

गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि भराभर चालू लागला आणि दुपारपर्यंत तो हाकेला ओ देईनासा झाला. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी आईला तीनच प्रश्न विचारले: लघवीला किती वेळा जातो, पाणी किती पितो, खातो किती. रक्तातील साखर पाचशेच्या वर निघाली. केसपेपरवर त्यांनी तीन शब्द एकाखाली एक लिहिले, पॉलियुरिया (अतिलघवी), पॉलिडिप्सिया (अतितहान), पॉलिफेजिया, आणि मी ते उलटे धरलेल्या कागदावर वाचले. त्याच्या भुकेला योग्य नाव मिळाले त्या दिवशी त्याच्या पोटात पाण्याचा घोटही टिकत नव्हता, कारण चरबी जळताना तयार होणारी कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये रक्तात वाढली की भूक मरते आणि मळमळ सुरू होते.

म्हणूनच वापराबद्दल माझा आग्रह आहे. पॉलिफेजिया हे लक्षणाचे नाव आहे, रोगाचे नाही आणि स्वभावाचे तर मुळीच नाही. ‘मला पॉलिफेजिया झाला आहे’ हे वाक्य अपुरे आहे, कारण तो कशामुळे, हे त्यात येत नाही. पंगतीत भरपूर जेवणाऱ्याला गमतीने हा शब्द चिकटवू नये. भावाच्या शरीरात इन्सुलिनच उरले नव्हते, त्यामुळे रक्तात साखर भरलेली असूनही ती पेशींच्या आत जात नव्हती. शरीर उपाशीच होते, चरबी आणि स्नायू जाळत होते, आणि लघवीवाटे जाणारी साखर बरोबर पाणी ओढून नेत होती. तो जिभेसाठी खात नव्हता.

काका आजही म्हणतात की लहानपणी खाऊन खाऊन त्याला साखर झाली. गेल्या वर्षी एका लग्नात भाऊ जेवणाआधी इन्सुलिन घेत असताना त्यांनी हेच चार पाहुण्यांना ऐकवले. हे साफ चूक आहे. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. आधी आजार आला, भूक त्याच्या मागून आली. कुलूप फडताळाला नव्हे, तोंडाला हवे होते, आणि ते भावाच्या तोंडाला नव्हे.

आपण हा प्रश्न घरातल्या कोणासाठी विचारला असेल, तर भूक वाढत असताना वजन घटत आहे का, एवढे आधी पाहा, आणि घटत असेल तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या. लक्षणे असताना कोणत्याही वेळी घेतलेली साखर २०० किंवा त्याहून अधिक आली, तर तो मधुमेहच धरतात. मी डॉक्टर नाही, हे सांगायला हवे. थायरॉइडचे काम वाढल्यानेही भरपूर खाऊन माणूस वाळतो. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडने भूक वाढते आणि वजनही वाढते. आणि वाढत्या वयाची मुले नुसतीच भुकेलीही असतात. पण त्यांचा करदोटा सैल होत नाही.