‘वाळीत टाकणं’ आणि ‘बहिष्कार’ एकच का?

प्रश्न असा आलाय की बातमीच्या हेडिंगला ‘कुटुंबाला वाळीत टाकले’ असतं आणि खाली मजकुरात ‘सामाजिक बहिष्कार’, तर दोन्ही एकच ना? आणि वर एक खोचक पुरवणी, की कोणाशी बोलायचं, कोणाकडे जेवायला जायचं हे ठरवायचं स्वातंत्र्य प्रत्येकाला आहेच, मग ह्यात गुन्हा कसला?

पुरवणीचं उत्तर बरंचसं ह्या शब्दांच्या वापरातच आहे म्हणून आधी ते बघू. बहिष्कार कशावर तरी टाकतात किंवा घालतात. परीक्षेवर, मतदानावर, परदेशी कापडावर. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या पंगतीला हा शब्द मानाने बसलाय, म्हणजे बहिष्कार टाकणारा चक्क हिरो असू शकतो. आणि एकटा माणूसपण तो टाकू शकतो, ‘मी त्या लग्नावर बहिष्कार टाकला’ हे कोणालाच खटकत नाही. वाळीत मात्र माणसालाच टाकतात, अख्ख्या घराला टाकतात, आणि टाकणारा कोण तर गाव, जात, गावकी, भावकी, पंच. ‘मी शेजाऱ्याला वाळीत टाकलं’ असं म्हणून बघा, लोक हसतील, कारण एकट्यादुकट्याचं ते कामच नाही. हल्ली ‘ऑफिसने मला वाळीत टाकलंय’ असं सर्रास म्हणतात पण तिथेही कर्ता अख्खं ऑफिसच, नाही का.

(काही जण वाळीतचा संबंध वाळून जाण्याशी, सुकण्याशी लावतात, झाडापासून तोडलेली फांदी वगैरे. ऐकायला बरं वाटतं पण जुन्या मराठीत वाळणे म्हणजे टाकून देणे, वगळणे असं वेगळं क्रियापद होतं, तेच हे. त्यामुळे वाळीत टाकणे म्हणजे अर्थाने टाकलेल्यात टाकणे, जरा डबलच आहे, चालायचंच.)

ह्या शब्दाचं गणगोतही मोठं आहे. अमक्याने धर्म मोडला असा वाद जातीपुढे उभा राहिला की त्याला ग्रामण्य म्हणायचे. निकाल विरोधात गेला की माणूस अपांक्त, म्हणजे पंगतीतून उठवलेला, मग रोटीबेटी बंद. आणि प्रायश्चित्त घेतलं की परत गोतात घ्यायचे.

सगळ्यात गाजलेलं ग्रामण्य म्हणजे पुण्यातलं चहाचं. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमधे व्याख्यानाच्या निमित्ताने बरीच प्रतिष्ठित मंडळी जमली, मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली, काहींनी घेतली काहींनी नुसता कप हातात धरला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव, ह्या गृहस्थांना असल्या खोड्यांची भारी हौस, त्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली. त्यात रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशीला शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मधे घेतलं, आणि तेही स्वतःला पाप वाटलं म्हणून नाही तर मित्रमंडळींची घरोघरी कोंडी झाली होती म्हणून. हायकोर्टाचा जज होण्याच्या उंबरठ्यावरचा माणूस, बुद्धीने देशात नाव, पण श्राद्धाला भटजी यायचा की नाही, मुलीचं लग्न जमायचं की नाही हे जातीच्या हातात, तिथे एकट्याचं स्वातंत्र्य काय कामाचं.

पुढे १८९३ मधे धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलं आणि झळ गावातल्या त्यांच्या घरच्यांना बसली. ज्याने नियम मोडला तो पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवतोय आणि भोगायचं गावात राहिलेल्यांनी.

आणि इथे पुरवणीचं उत्तर येतं. मला शेजारी आवडत नाही, मी बोलत नाही, हे माझं स्वातंत्र्य, त्यात कोणाच्या बापाचं काही जात नाही. पण गावकीने ठराव केला की अमक्याला किराणा द्यायचा नाही, दळण दळून द्यायचं नाही, मयताला जायचं नाही आणि जो जाईल त्याला दंड, की मग दुकानदाराला पण ठरवायचं स्वातंत्र्य उरत नाही ना! त्याला कदाचित त्या घराबद्दल काहीच वाटत नसेल, उधारी वेळेवर देणारं गिऱ्हाईक असेल, पण दिलं तर उद्या हाच वाळीत. रायगड जिल्ह्यातल्या अशा केसेस मध्यंतरी पेपरात सारख्या यायच्या त्या नीट वाचल्या तर हेच दिसतं, शिक्षा एका घराला आणि बांधून ठेवलेलं सगळं गाव. त्यामुळे ‘न बोलायचं स्वातंत्र्य’ हा बचाव मला तरी अजिबात पटत नाही.

‘बहिष्कृत’ची तऱ्हा अजून निराळी. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा आणि १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, बाबासाहेबांनी हा शब्द ज्यांच्यासाठी वापरला त्यांना कोणी आतून बाहेर काढलं नव्हतं, त्यांना आत कधी घेतलंच नव्हतं. रानड्यांना प्रायश्चित्ताचा रस्ता तरी होता, ह्यांना कसलं प्रायश्चित्त? म्हणून ह्यांच्या बाबतीत ‘वाळीत टाकलेले’ म्हणणं चूकच.

आता कायदा. मुंबई राज्याने १९४९ मधे जातीबाहेर, धर्माबाहेर काढण्याला बंदी घातली. दाऊदी बोहरा समाजात ह्या बहिष्काराला बरात म्हणतात, तर त्यांच्या धर्मगुरूंनी, सय्यदना ताहेर सैफुद्दीन ह्यांनी, कोर्टात आव्हान दिलं आणि १९६२ मधे सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ ने कायदाच रद्द केला. म्हणणं असं की धार्मिक कारणावरून कोणाला पंथाबाहेर काढणं हा त्या पंथाचा स्वतःचा कारभार, त्याला राज्यघटनेच्या कलम २६ चं संरक्षण. म्हणजे व्यक्तीच्या स्वातंत्र्यापुढे पंथाचं स्वातंत्र्य जिंकलं. माझं मत त्या एकट्या विरोधी न्यायमूर्तींच्या, सरन्यायाधीश सिन्हांच्या बाजूने, कारण दफनभूमीचा हक्कसुद्धा जात असेल तर प्रश्न नुसत्या श्रद्धेचा राहत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायमूर्तींनी हा विषय नऊ जणांच्या खंडपीठाकडे पाठवला.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, अंमल २०१७ पासून, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात शब्द ‘सामाजिक बहिष्कार’ असाच आहे, नुसता बहिष्कार म्हटला असता तर उद्या टोमॅटोवर बहिष्कार टाकणारेही आत. तेव्हा बोलताना, हेडिंगला, गोष्टीत खुशाल ‘वाळीत’ लिहा, जास्त नेमका शब्द तोच आहे, पण पोलीस स्टेशनला तक्रार लिहीत असाल तर ‘सामाजिक बहिष्कार’ असंच लिहा आणि ठराव कोणी, कुठल्या बैठकीत केला ते नावांसकट द्या.