फ्रीज नंतर, गहू आत्ता, आणि सगळ्याच्या आधी कार्ड

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. घरात पाच माणसं: त्या, त्यांचे यजमान, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. यजमान पीथमपूरला नोकरीला, हातात 62,000 येतात. ताई घरी शिकवण्या घेतात, त्याचे 14,000. घराचा हप्ता 17,500. एप्रिलमध्ये यजमानांना वार्षिक इन्सेंटिव्हचे 50,000 मिळाले आहेत आणि त्या विचारतात: "आमचा 190 लिटरचा फ्रीज चालू आहे, पण लहान पडतो. 46,000 चा मोठा डबल डोअर घेतला तर रविवारी चोइथराम मंडीतून आठवड्याची भाजी एकदम आणता येईल, महिन्याला दीड हजार सुटतील असं वाटतं. दुकानदार बारा महिन्यांचा नो कॉस्ट हप्ताही देतोय. की त्यापेक्षा सालभराचा गहू भरून ठेवू? सासूबाई म्हणतात गहू भरा, फ्रीजातली शिळी भाजी कोण खाणार."

ताई, तुम्ही पत्रासोबत मार्च महिन्याचा स्वयंपाकघराचा हिशेब जोडला, त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागत नाही. दूध 3,720, किराणा 6,800, पाकिटाचा आटा 1,150, भाजी आणि फळं 4,200, दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या अ‍ॅपवरच्या ऑर्डरी 4,930, बाहेरचं खाणं 3,200. एकूण 24,000. पाच जणांच्या घराला ही उधळपट्टी म्हणता येणार नाही. सरकारच्या 2023-24 च्या घरखर्च पाहणीत शहरी कुटुंबांच्या मासिक खर्चातला जवळपास 40 टक्के वाटा खाण्यापिण्याचा निघाला, आणि त्यात सगळ्यात मोठा तुकडा, 11 टक्क्यांच्या आसपास, धान्याचा किंवा भाजीचा नसून पेयं आणि तयार खाण्याचा होता. तुमच्या हिशेबातही सुटण्यासारखे पैसे तिथेच आहेत.

पण आधी पत्राच्या शेवटून तिसऱ्या ओळीबद्दल बोलू, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: "क्रेडिट कार्डावर 18,000 च्या आसपास बाकी आहे, दर महिन्याला कमीत कमी रक्कम भरतो." मी ती ओळ दोनदा वाचली. कार्डाच्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर 630 रुपये होतात, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 113, म्हणजे 743 रुपये महिन्याला नुसते जातात. शिवाय बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही संपते. तुम्ही संध्याकाळी अ‍ॅपवरून कार्डाने मागवलेल्या वीस रुपयांच्या कोथिंबिरीवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. पन्नास हजारांतले पहिले 18,000 तिथे भरा, आणि अ‍ॅपमध्ये साठवलेला कार्डाचा नंबर काढून टाका. फ्रीज असो की गहू, दोन्हीचा विचार त्यानंतर.

आता गहू. सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे, आणि त्याला आकड्यांचा आधारही आहे. देपालपूरचे तुमच्या ओळखीचे शेतकरी लोकवन जातीचा गहू 3,200 रुपये क्विंटलने घरपोच देतात असं तुम्ही लिहिता, आणि सासूबाईंच्या लोखंडी कोठीत दोन क्विंटल मावतो. मग दोनच क्विंटल घ्या, तीन नको. पोत्यात उरलेला तिसरा क्विंटल पावसाळ्यात किड्यांचं घर होतो. दोन क्विंटलचे 6,400, निवडताना जाणारा खडा-कचरा सहा किलो धरू, उरलेल्या 194 किलोचं दळण पाच रुपये किलोने 970, निवडायला येणाऱ्या बाईंचे आणि एरंडेलाचे 300. एकूण 7,670, म्हणजे आटा साडेएकोणचाळीस रुपये किलो पडतो. पाकिटाचा तुम्हाला 46 ला पडतो. जवळजवळ आठ महिने पुरेल आणि साडेबाराशे रुपये वाचतील. या फरकात थोडा वाटा कराचाही आहे: 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर आणि पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो, सुट्या गव्हावर लागत नाही.

साडेबाराशे ऐकायला लहान वाटतात, पण या आठ महिन्यांत कोठीत सरासरी 3,200 रुपयांचाच माल पडून असतो, कारण गहू दर महिन्याला कमी होत जातो. तेवढेच पैसे तेवढाच काळ बँकेत ठेवले तर साडेसहा टक्क्यांनी जेमतेम 140 रुपये व्याज मिळेल. मध्यमवर्गीय घराला सरळ मार्गाने इतका परतावा देणारी दुसरी जागा मला माहीत नाही. तरीही एक तुलना मनात ठेवा: कोठी आठ महिन्यांत साडेबाराशे देणार, आणि कार्डाची बाकी तशीच राहिली तर तेवढ्याच काळात ती जवळपास सहा हजार खाणार.

गव्हाबरोबर तुरीची डाळ आणि लाल मिरचीही भरून घ्या, साधारण 3,600 रुपयांत बसेल तेवढीच. मिरची निमाडातली, बेड़ियाकडची मिळाली तर उत्तम. ती उन्हात कडक वाळवून मगच कुटायला द्या. शरबती गव्हाच्या मोहात पडू नका. रोजच्या पोळीला लोकवन चांगला आहे, आणि शरबतीच्या चढ्या भावात कोठीचा सगळा फायदा वाहून जाईल.

एक गोष्ट पैशाची नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. गव्हात सल्फासच्या गोळ्या टाकू नका. शेजारीपाजारी सर्रास सांगतात, "एक गोळी फडक्यात बांधून ठेवा, वर्षभर किडा नाही." हवेतल्या ओलाव्याने त्या गोळीतून फॉस्फिन वायू सुटतो, आणि बंद खोलीत कोठीशेजारी झोपलेली माणसं, मुलं त्याने दगावली आहेत. एरंडेल चोळा, वाळलेला कडुलिंब घाला, कोठी आधी दोन दिवस उन्हात तापवा. एवढं करून थोडे किडे झालेच तर चाळून घेऊ. ती गोळी मात्र घरात येऊ देऊ नका.

आता फ्रीज. तुमचा हेतू मला पटतो, पण कारण मला वेगळं दिसतं. तुम्ही पाठवलेल्या 31 ऑर्डरींची यादी मी वेळेप्रमाणे लावून पाहिली. त्यातल्या 22 संध्याकाळी सात ते नऊच्या मधल्या आहेत. 18 मार्चची घ्या: 7 वाजून 50 मिनिटांनी पनीर 200 ग्रॅम, क्रीमचा छोटा डबा, चिप्सची दोन पाकिटं, वर हाताळणीचा आकार. आणि त्याच आठवड्याबद्दल तुम्ही लिहिता की शनिवारी फ्रीजचा खालचा ट्रे उघडला तर गिलकी, म्हणजे घोसाळी, मऊ पडलेली, पालक काळा झालेला आणि काकडी अर्धी पाणी सुटलेली. म्हणजे पनीर मागवलं त्या संध्याकाळी गिलकी आणि पालक घरात होते! फक्त त्यांचं काय करायचं हे कुणी ठरवलेलं नव्हतं. सहावीपासूनच्या तीन शिकवण्या संपवून उठलेल्या बाईला सात वाजता "आज काय करू?" हा प्रश्न पडला की हात फोनकडेच जाणार. तुमचा यात काही दोष नाही. पण तो ट्रे दुप्पट मोठा झाला तर त्यात दुप्पट गिलकी मऊ पडेल.

मंडीबद्दलही सांगते. चोइथराम ठोक बाजार आहे, भाव खरा मिळतो पण पाच किलोची धडी घ्यावी लागते. पाच किलो भेंडी पाच माणसांना आठवड्यात संपत नाही. तिथे जायचंच तर गल्लीतल्या तीन घरांनी मिळून जा, आळीपाळीने, आणि घरी येऊन वाटून घ्या. तेव्हा 190 लिटरही पुरतो.

तुमच्या घरासाठी मी आठवडा असा बसवला आहे. रविवारी भाजी आली की जे आधी सुकतं ते आधी: रविवार-सोमवार पालक, चवळई. मंगळवार-बुधवार गिलकी, भेंडी. बुधवारी गल्लीतल्या ठेल्यावरून फक्त कोथिंबीर, टमाटे आणि काकडी. गुरुवारी दुधी किंवा कोबी, त्यांना काही होत नाही. शुक्रवारी मटकीची उसळ, ती बुधवारी रात्री भिजत घालायची, गुरुवारी बांधायची. शनिवार भाजीशिवायचा: पिठलं, कढी-खिचडी, नाहीतर आपल्या माळव्याची शेव-टमाटर भाजी, जी पंधरा मिनिटांत होते आणि ज्यावर पोरं पनीरपेक्षा जास्त खूश असतात. शुक्रवारचा हा एक "बुधवारी भिजवणे" विसरला की सगळा बेत कोसळतो, म्हणून तो लिहून ठेवायचाच.

लिहायचं कुठे? कालनिर्णयावर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात. आमच्या लोकमान्य नगरच्या घरी आई तसंच लिहायची, शिसपेन्सिलीने, म्हणजे पाहुणे आले की खोडता यायचं. तुमच्याकडे हे काम सासूबाईंना द्या. त्यांना भाजीचा हंगाम कळतो, आणि "शिळी भाजी कोण खाणार" या तक्रारीचं उत्तरही त्यांच्याच हातात राहील. एक दिवस मुलांचा ठेवा, त्या दिवशी ते म्हणतील ते. बाहेरच्या 3,200 ना मी हात लावत नाही. इंदूरात राहून महिन्यातून दोनदा सराफ्यात किंवा छप्पन दुकानला खायला जायचं नाही, रविवारी पोहे-जलेबी आणायची नाही, असा सल्ला कुणी पाळत नाही आणि पाळूही नये.

यातून काय सुटेल? अ‍ॅपच्या 31 ऑर्डरी आठवर आल्या तर 4,930 चे 1,500 होतील. त्यातलं दही, ब्रेड, कोथिंबीर हे खरं लागणारं सामान भाजी-किराण्यात जाईल, म्हणून भाजीला 1,200 वाढवून 5,400 धरले. दोन्ही मिळून 6,900, म्हणजे आठवड्याला साधारण 1,600. रविवारी सकाळी एवढे रोख पाकिटात घाला. अ‍ॅपवरून काही मागवलंत तर तेवढे पाकिटातून काढून बाजूला ठेवा, म्हणजे शुक्रवारी पाकीट पातळ झालेलं डोळ्यांना दिसेल. सुटणारे पैसे महिन्याला 2,200 च्या आसपास. तुमचा दीड हजारांचा अंदाज त्यापेक्षाही कमी होता, आणि यासाठी फ्रीज लागला नाही.

त्या "नो कॉस्ट" हप्त्याबद्दल एवढंच की फुकटचं कर्ज नसतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नाही, व्याज प्रोसेसिंग फी वगैरे नावाखाली लपवलेलं असतं. आज ते रोखीने घेतल्यावर मिळाली असती त्या सवलतीत लपतं, आणि कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावरचा जीएसटी वेगळा. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "आज पूर्ण पैसे दिले तर कितीला द्याल?" शिवाय फ्रीजच्या स्टार लेबलवर वर्षाला लागणारी विजेची युनिटं छापलेली असतात. जुन्या आणि नव्या फ्रीजची वजाबाकी करून तुमच्या बिलातल्या दराने गुणा, तो खर्च दरवर्षीचा आहे.

मग 50,000 असे लावा. कार्डाचे 18,000. गव्हाचे 6,400. डाळ-मिरचीचे 3,600. जुलैत शाळेच्या फीचा दुसरा हप्ता 14,000 आहे असं तुम्ही लिहिलं आहे, तो आजच वेगळ्या ठेवीत टाका, नाहीतर जुलैत पुन्हा कार्ड बाहेर निघेल. उरले 8,000, ते अडीअडचणीचे. तुमच्याकडे तसा एक रुपयाही बाजूला नाही, आणि मला फ्रीजपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते.

मे महिन्यापासून आवर्ती ठेव सुरू करा: वाचलेले 2,200 आणि कार्डाचं थांबलेलं व्याज 740, मिळून 2,940. साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर पंधरा महिन्यांत 46,000 होतात. तोपर्यंत एक थंडी येईल. त्या थंडीत मटार स्वस्त झाले की पाच किलो सोलून याच फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहा, किती मावतात, किती खाल्ले जातात. मोठा फ्रीज लागतो की नाही हे तुम्हाला त्या मटारांवरून कळेल. लागतो असं वाटलं तर रोख पैसे देऊन घ्या, मी आनंदाने हो म्हणेन.

गव्हाचं मात्र या आठवड्यात बोलून टाका. पैसे देण्याआधी शेतकऱ्याला मूठभर नमुना मागा आणि दाणा दाताखाली धरा. कट्कन तुटला तर गहू वाळलेला आहे. दबला, चिवट लागला तर अजून आठ दिवस थांबा आणि मगच कोठी भरा.