कायद्यामागचा हेतू कागदपत्रांतून कसा शोधावा: भाडे नियंत्रण अधिनियम, कलम ३

तुमचा प्रश्न असा: एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं संरक्षण नाही. हे का ठरलं, ते कसं शोधायचं?

सभागृहातल्या भाषणांपासून सुरुवात करू नका. आधी कलमाचं मूळ काढा. हा अधिनियम तीन जुन्या कायद्यांच्या जागी आला: मुंबईचा १९४७ चा, मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४६ चा आणि हैदराबादचा १९५४ चा (कलम ५८ पाहा). एखादं कलम जुन्यातून जसंच्या तसं उचललेलं असेल, तर त्याचा हेतू जुन्या विधेयकात मिळेल. १९९९ ची चर्चा कितीही चाळली तरी हाती काही लागत नाही. तुमची सूट, म्हणजे अशा कंपन्यांना कायद्यातून वगळणं, मात्र मुंबईच्या कायद्यात नव्हती. तिची पार्श्वभूमी मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात आहे: गोठवलेलं प्रमाण भाडं (कायद्याने ठरवलेली भाड्याची मर्यादा) काळाच्या ओघात अवाजवी ठरलं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस म्हटलं. तो निकाल आधी वाचा, मग २००८ चा लीलाबाई पानसरे खटल्याचा निकाल. त्यात कलम ३ मधल्या याच खंडाचा (कलमाच्या पोटभागाचा) अर्थ लावला आहे.

आता विधेयक. अधिनियमाच्या पहिल्या पानाची तळटीप बघा. 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' राजपत्राच्या कोणत्या वर्षात, कोणत्या भागात, कोणत्या पानावर आहे ते बहुधा तिथेच असतं. जुन्या कायद्यांसाठी हा भाग सहसा पाचवा. घाईत ही तळटीप कोणी वाचत नाही. राजपत्राचे बांधीव खंड जुन्या विधी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत विचारा.

मांडलेलं विधेयक आणि संमत झालेला मजकूर शेजारी ठेवून शब्दन् शब्द ताडून पाहा. तुमचा खंड मूळ विधेयकात नसेल तर निवेदन त्यावर गप्पच असणार. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं असल्यास समितीचा अहवाल आणि भिन्नमतपत्रिका (असहमत सदस्यांची लेखी मतं) काढा. कलमाखाली दुरुस्तीची टीप असेल तर त्या दुरुस्ती विधेयकाचं निवेदन वेगळं असतं. मूळ कायद्याचं निवेदन तिथे लावणं ही नेहमीची चूक.

चर्चेसाठी विधानमंडळाच्या ग्रंथालयाकडे विधेयक क्रमांक, सभागृह, अधिवेशन आणि तारीख देऊन मागणी करा. दोन्ही सभागृहांची मागा. मंत्र्यांचं प्रास्ताविक आणि उत्तर महत्त्वाचं. इतर सदस्यांच्या मतांना न्यायालयात फारसं वजन नाही. समितीचे अहवाल मात्र बघता येतात, हे १९८४ च्या नायक विरुद्ध अंतुले निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेच मान्य केलं आहे.

कलमाचे शब्द स्पष्ट असतील, तर यातलं काहीही त्यांच्या विरोधात वापरता येणार नाही.