राग गिळू नका, त्याला नाव द्या

मेंदूतली अमिग्डाला म्हणजे भावना आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग म्हणजे विचार, अशी सरळ वाटणी पाठ केली असेल तर आधी ती विसरा. बदामाएवढी अमिग्डाला (दोन असतात, डावी-उजवी) फक्त भीतीची नाही. महत्त्वाचं काही दिसलं की ती लक्ष वेधते. धडधड, पोटातला गोळा यांची खबर मेंदूतल्याच इन्सुला या भागाकडे जाते. राग आला की सुरुवात शरीरापासूनच करा: छाती, जबडा, पोट, काय होतंय ते बघा. मग नेमकं नाव द्या. ‘कसंतरी होतंय’ चालणार नाही. अपमान वाटला, हेवा वाटला, की नुसती भूक लागलीय? मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिल्यावर अमिग्डालाची सक्रियता घटली, उजव्या प्रीफ्रंटलच्या एका भागाची वाढली.

नवखे फसतात ते पुढे. चेहरा कोरा ठेवून राग गिळणं म्हणजे नियंत्रण नव्हे. वरून शांत दिसतं, आत खदखद तशीच, शिवाय समोरचा काय बोलला तेही नीट लक्षात राहत नाही. त्यापेक्षा प्रसंगाचा दुसरा अर्थ लावून बघा, पण आवाज चढायच्या आत; ताण वाढला की प्रीफ्रंटलच ढेपाळतो. जागरणानंतरही तेच, म्हणून अशा दिवशी वाद सरळ उद्यावर ढकला.