बारावीनंतर साइनबोर्डचा व्यवसाय : मशीन केव्हा घ्यावे?

प्रश्न : मी नुकताच नोकरीतून निवृत्त झालो आहे. माझा मुलगा यंदा वाणिज्य शाखेतून बारावी उत्तीर्ण झाला. त्याने कोरलड्रॉ आणि फोटोशॉपचा क्लास केला असून आमच्या मंडळाचे बॅनर तोच तयार करतो. त्याला फ्लेक्स आणि साइनबोर्डच्या छपाईचा व्यवसाय करायचा आहे. एका नातेवाइकांनी भांडुपचा गाळा भाड्याने देण्याची तयारी दाखवली आहे आणि त्यांच्याच ओळखीतून १० फुटी सॉल्व्हंट मशीन (१० फूट रुंदीपर्यंत फ्लेक्स छापणारे) सेकंडहँड मिळते आहे. फंडाच्या पैशांतून ते घ्यावे का? आणखी कोणते साहित्य आणि उपकरणे लागतील?
— एक पालक, विक्रोळी

उत्तर :

महोदय, सप्रेम नमस्कार.

आपल्या मुलाने निवडलेले क्षेत्र चांगले आहे. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असावी आणि तिची अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, ही सक्ती राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा मुंबईत पाट्या करणाऱ्यांकडे कामाची रीघ लागली होती. एरवीही दुकाने, दवाखाने, शाळा, सोसायट्या आणि कार्यालये यांना पाट्या लागतच असतात. तरीही आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मी आधीच स्पष्ट देतो : मशीन आत्ता घेऊ नये.

याचे कारण त्या मशीनच्या स्वभावातच आहे. सॉल्व्हंट शाईतील द्रावक उडून जातो आणि रंग फ्लेक्सवर बसतो; पण मशीन बंद राहिले, तर हीच शाई प्रिंट हेडच्या बारीक नोझलमध्ये सुकते. म्हणून सगळी छिद्रे उघडी आहेत का हे पाहण्यासाठी रोज सकाळी नोझल चेकचा प्रिंट काढावा लागतो, तुटक रेषा दिसल्या की हेड साफ करावे लागते आणि त्यात शाई व फ्लशिंगचे द्रावण खर्च होते, मग त्या दिवशी ऑर्डर असो वा नसो. त्याशिवाय गाळ्याचे भाडे, वीज, चांगले अर्थिंग, स्टॅबिलायझर, शाईच्या वाफेसाठी एक्झॉस्ट आणि ऑपरेटरचा पगार हे खर्च चालूच राहतात. मुंबईत १० फुटी मशीनवाले पुष्कळ आहेत, चौरस फुटाच्या दरावरून त्यांच्यात चढाओढ असते आणि ते बाहेरच्यांना जॉबवर्कवर, म्हणजे मजुरी घेऊन, छापून देतात. म्हणजे जी गोष्ट बाजारात स्वस्तात छापून मिळते, तिच्यासाठी आपण आयुष्याची पुंजी अडकवणार आणि जी गोष्ट सहज मिळत नाही ती शिकायची राहून जाणार. ती गोष्ट म्हणजे कोणत्या जागेला कोणते मटेरियल चालेल याची समज आणि ते नीट बसवण्याचा हात.

या समजेची सुरुवात मापापासून होते. समजा, एका दुकानाला १० बाय ४ फुटांचा फ्लेक्सचा बोर्ड हवा आहे. फ्लेक्स लोखंडी पाइपच्या फ्रेमवर ताणून मागे वळवायचा, तर चारही बाजूंना साधारण ३ इंच जास्त लागतात, म्हणजे प्रत्यक्ष कापड साडेदहा बाय साडेचार फुटांचे हवे. ४ फुटी रोल पुरत नाही, ५ फुटी घ्यावा लागतो आणि एकूण साडेबावन्न चौरस फूट फ्लेक्स खर्ची पडतो. नवखा मुलगा पार्टीकडून, म्हणजे ग्राहकाकडून, ४० फुटांचे पैसे घेतो आणि उरलेले साडेबारा फूट स्वतःच्या खिशातून भरतो. तोच बोर्ड साडेतीन फूट उंचीचा ठरवला, तर तो ४ फुटी रोलमध्ये बसतो आणि पार्टीचेही पैसे वाचतात. दर सांगण्यापूर्वी कागदावर हा हिशेब करण्याची सवय त्याला पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे.

व्हिनाइलच्या, म्हणजे मागे गोंद असलेल्या प्लास्टिकच्या पातळ फिल्मच्या, बाबतीत सर्वाधिक फसगत होते, कारण नवे असताना सगळे प्रकार सारखेच दिसतात. मोनोमेरिक व्हिनाइल स्वस्त असते. सपाट पृष्ठभागावर थोड्या काळासाठी ते ठीक, पण उन्हात ते आकसते आणि कडांना चिकट रेघ उघडी पडते. पॉलिमेरिक जास्त टिकते. गाडीच्या वळणदार पत्र्यावर मात्र कास्ट व्हिनाइलच लावावे, कारण ताणून बसवल्यानंतर पुन्हा मूळ आकारात येण्याची ओढ त्याला फार कमी असते. इको सॉल्व्हंट, म्हणजे सौम्य द्रावकाच्या, शाईने छापलेल्या व्हिनाइलवर लगेच लॅमिनेशन करू नये. शाईतील द्रावक बाहेर पडायला निदान २४ तास द्यावेत, नाहीतर गोंद मऊ पडून कडा उचलतात. पावसाळ्यात भिंत किंवा काच वरून कोरडी वाटली, तरी पुसून, वाळवून आणि हाताने चाचपूनच काम सुरू करावे.

बोर्डाच्या शीटबद्दल एक सूचना जिवाशी संबंधित आहे, ती मुलाला आवर्जून वाचून दाखवावी. अ‍ॅक्रिलिक लेझरवर सुंदर कापले जाते. सनबोर्ड मात्र पीव्हीसीचा असतो आणि पीव्हीसी लेझरने जाळला की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. तो माणसाच्या फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनलाही गंज चढवतो. सनबोर्ड ब्लेडने किंवा राउटरवरच (फिरत्या पात्याच्या कापणी यंत्रावर) कापावा. एसीपी शीटही (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) राउटरवर कापतात आणि मागून व्ही आकाराची खाच मारून काटकोनात वळवतात. आतून उजेड असणाऱ्या बोर्डासाठी बॅकलिट फ्लेक्स घ्यावा आणि छपाई गडद मागावी, कारण मागून प्रकाश आला की साधी छपाई फिकट दिसते. एलईडी मोड्यूलचे वॅट मोजूनच त्यांना वीज पुरवणारा एसएमपीएस निवडावा आणि त्यावर क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार टाकू नये. १०० मोड्यूल प्रत्येकी ०.७२ वॅटचे असतील तर ७२ वॅट होतात, तिथे १०० वॅटचा रेनप्रूफ एसएमपीएस योग्य. हे विजेचे सामान लोहार चाळीत मिळते. तिथे दोन-चार दुकाने फिरून माल हातात घेऊन पाहणे हादेखील शिक्षणाचाच भाग आहे.

आता उपकरणांविषयी. सुरुवातीला २ फुटी कटिंग प्लॉटर (संगणकावरील आकारानुसार व्हिनाइल कापणारे यंत्र), बरा संगणक, कटिंग मॅट, स्टीलची लांब पट्टी, कटर, व्हिनाइल दाबून बसवण्यासाठी फेल्ट लावलेली स्क्वीजी, मोजपट्टी, लेव्हल आणि ड्रिल एवढे पुरे. यासाठी गाळ्याचीही गरज नाही, घरातील एक खोली चालेल. प्लॉटरवर पहिले काही दिवस केवळ ब्लेडची खोली जमवण्यात जावेत : छोटा चौकोन कापून बघायचा, व्हिनाइल अलगद सुटले पाहिजे आणि खालच्या रिलीज पेपरवर पुसटशी खूण उमटली पाहिजे, पण तो फाटता कामा नये. फंड मोडण्याऐवजी या सामानासाठी मुद्रा योजनेच्या शिशु गटातून ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज मागता येते.

आपला मुलगा मराठी माध्यमात शिकला असेल, तर ती या धंद्यात मोठी जमेची बाजू आहे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना वेलांट्या सरकतात, रफार चुकीच्या अक्षरावर जातो, जोडाक्षरे फुटतात, आणि अशा पाट्या दुकानांवर वर्षानुवर्षे लटकत राहतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे मोफत फाँट त्याने वापरून पाहावेत, मजकूर छपाईला देण्यापूर्वी पार्टीची सही घ्यावी आणि फाइल देताना अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे आकृतीच्या रेषांमध्ये, बदलून द्यावीत, म्हणजे छापणाऱ्याकडे तो फाँट नसला तरी चालते. शुद्ध मराठी पाटी करून देणारा मुलगा, अशी त्याची ओळख व्हावी असे मला मनापासून वाटते.

नियमांकडे दुर्लक्ष करून हा धंदा करता येत नाही. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जणांचे प्राण गेले. महापालिकेची कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची असताना ते त्याहून कितीतरी मोठे होते. आपला मुलगा एवढी मोठी कामे करणार नाही, पण दुकानावरचा बोर्डही रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या डोक्यावरच असतो. फ्रेमचे वजन, भिंतीची अवस्था आणि अँकर बोल्ट तपासल्याशिवाय त्याने काम हाती घेऊ नये. प्रकाशित पाटीसाठी महापालिकेचा परवाना लागतो. रस्त्यावरील विनापरवाना बॅनर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येतात आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. मंडळाचे बॅनर करतानाही हे पाळावे.

शिक्षणाचे म्हणाल तर मुद्रण तंत्रज्ञानाचा तीन वर्षांचा डिप्लोमा मुंबईच्या शासकीय मुद्रण तंत्र संस्थेत आहे आणि तो दहावीच्या पात्रतेवर होतो. चित्रकलेची ओढ असेल, तर जे. जे. मधील उपयोजित कलेची पदवी हा मार्ग आहे. त्यासाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. यांपैकी काही नको असेल तर पदवीसाठी प्रवेश घ्यावा आणि सोबत एखाद्या चांगल्या साइन वर्कशॉपमध्ये वर्षभर नोकरी करावी. तिथे त्याने केवळ संगणकावर न बसता फिटिंगवाल्यांबरोबर साइटवर जावे, शिडी धरावी, बोर्ड उतरवावा आणि उतरवलेल्या बोर्डाचे नेमके काय खराब झाले ते पाहावे. गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये या उद्योगाची प्रदर्शने भरतात, तीही पाहून यावीत.

वर्षभरानंतर त्याच्याकडे स्वतःच्या नियमित पार्ट्या असतील आणि जॉबवर्कचे मासिक बिल मशीनच्या हप्त्यापेक्षा जास्त होत असेल, तर मशीनचा विचार जरूर करावा. तेव्हाही १० फुटीपेक्षा ६ फुटी इको सॉल्व्हंट मशीन त्याला सोयीचे पडेल, कारण दुकानातील व्हिनाइल, स्टँडी आणि आतल्या पाट्यांची कामे त्यावर होतात आणि मोठा फ्लेक्स बाहेरून छापून आणता येतो. नातेवाइकांनी सुचवलेले जुने मशीन तेव्हाही शिल्लक असेल, तर आपल्यासमोर चारही रंगांचा नोझल चेक काढून घ्यावा, हेड कोणत्या कंपनीचे आहे आणि नव्या हेडची किंमत किती याची बाजारात चौकशी करावी, आणि मुंबईत त्याची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ स्वतः भेटल्याशिवाय बयाणा देऊ नये.